मॅटीवरची वाट

भाद्रपद उतरणीला लागला की आजऱ्याचे ऊन ओले असते. आभाळ धुवून वाळत घातलेले; डोंगरांच्या निळ्या कडा अजून निथळत्या; आणि हिरण्यकेशीच्या दोन्ही तीरांवर घनसाळ भात पोटरीला आलेले. त्या भाताचा सुगंध दाण्याच्या आधी येतो. वारा वळला की तो शेत सोडतो, नदी ओलांडतो, गल्लीत शिरतो आणि उंबऱ्याउंबऱ्यावर जरा थांबतो.

अशा हरितगंधी, हेमकिरणी दिवसांत माणसाने सुखी असायला काही हरकत नाही. पण पंचांगाने नेमका हाच पंधरवडा पितरांना देऊन टाकला आहे. ऊन जिवंतांसाठी पडते, आणि पाने गेलेल्यांसाठी मांडली जातात.

नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत विश्वंभर पोतदारांचे कौलारू घर होते. गावात त्यांची भातगिरणी होती, अंगावर सदा कोंड्याची बारीक पिवळी धूळ होती, आणि बोलणे बेताचे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको अंबू गेली. नंतर त्यांनी दुसरे लग्न केले; ती प्रमिला. आणि या दोघींच्या मध्ये, एकीच्या पोटची आणि दुसरीच्या हातची जेवणारी, नऊ वर्षांची नलू.

त्या घरात उघडे असे काही राहिलेले नव्हते. रेडिओला निळ्या सॅटिनचा झगा होता, त्यावर रेशमी जाईचा वेल. शिवणयंत्राच्या झाकणावर पोपट होते. लोखंडी ट्रंकेला, ट्रंक असल्याची लाज वाटू नये म्हणून, झालरीची चादर होती. खुर्च्यांच्या हातांवर क्रोशाच्या जाळ्या, पलंगाच्या कडेला शंखांची किनार, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या पायांना लोकरीचे लाल मोजे. फरशीवर आवाज होतो म्हणून घातले, असे अंबू सांगायची. खरे म्हणजे तिला त्या पायांची दया आली होती.

विश्वंभर चेष्टेने म्हणत, "मी फार वेळ एका जागी बसत नाही बाबा. बसलो की ही मलाही अभ्रा घालायची."

हे सारे अंबूच्या डाव्या हाताचे वैभव. ती डावखुरी होती. देवाला फूल उजव्या हाताने वाहायची, पानात उजव्या हाताने वाढायची, सासूने लावलेले वळण मुकाट पाळायची. पण सुई धरली की आपल्या हातावर यायची. रंगलुब्ध, सूत्रमग्न, दुपारच्या उन्हाच्या चौकोनात बसलेली ती अंबू! ऊन सरकले की तीही सरकायची. संध्याकाळी ऊन भिंतीला टेकायचे, आणि तीही.

तिचे शेवटचे काम म्हणजे विश्वंभरांच्या आरामखुर्चीची पाठ. सागवानी, लांब हातांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची खुर्ची. तिच्यासाठी अंबूने जाळीदार विणीचे मॅटीचे कापड आणले, लोकरीच्या लडी आणल्या, आणि बेळगावहून एक रंगीत नमुना मागवला. नमुन्यात एक विलायती घर होते. लाल छपराचे, धुराड्याचे, बंद तपकिरी दाराचे. आणि कुंपणापासून त्या दारापर्यंत गेलेली एक वळणदार पिवळी वाट. तसले घर आजऱ्यात कुणी पाहिले नव्हते. कुंपणावरची ती फुले कुठल्या देवाला चालतात हेही कुणाला ठाऊक नव्हते. पण त्या काळी ज्याच्या त्याच्या खुर्चीच्या पाठीवर तेच घर उभे असायचे, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटायचे नाही.

अंबू खालून वर भरत गेली. आधी गवत, मग कुंपण, मग वाट. फुलीवर फुली, फुलीवर फुली. आणि तिच्या हाताप्रमाणे प्रत्येक फुली उलटी, वरचा टाका डावीकडे झुकलेला. पिवळी वाट वळणापर्यंत आली. दार अजून नव्हते, घर अजून नव्हते, वर नुसते पांढरे कापड होते. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. तिने सुई वाटेतच टोचली आणि उठली.

त्या संध्याकाळी तिला ताप भरला. उन्हाच्या चौकोनात ती पुन्हा आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर विश्वंभरांनी ते अर्धे कापड उचलले. कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून ज्या खुर्चीसाठी होते तिच्याच पाठीवर पसरले. सुई तशीच होती. सुईत धागा तसाच होता. मग त्या खुर्चीत कुणी बसेनासे झाले.

नलू मात्र तिथे रोज जायची. शाळेतून आली की दप्तर न काढताच ती खुर्चीवर गुडघे टेकायची, कुंपणापाशी वाटेच्या तोंडाला बोट ठेवायची आणि ते हळूहळू वर न्यायची. लोकर खरखरीत होती, कुठे मऊ होती. बोट वळणाशी पोचायचे, सुईला टेकायचे. "इथवर," असे ती स्वतःशीच म्हणायची आणि मग हातपाय धुवायला जायची.

आई त्या वाटेवर उभी आहे, अशी तिची समजूत होती. पाठमोरी, वळणाशी, दमून थांबलेली. नऊ वर्षांच्या मुलीला मरण कळत नाही असे नाही. नलूला सगळे नीट कळत होते. पण कळणे वेगळे, आणि बोट टेकायला जागा असणे वेगळे. जी नुसती थांबली आहे ती एखादे वेळी मागे वळून बघेलही.

विश्वंभरांनी हे एकदा पाहिले, दारात चपला काढता काढता. ते पाऊल न वाजवता मागे फिरले. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, असे त्यांना वाटले. ही एक गोष्ट सांगायला हवी होती.

प्रमिला संकेश्वरची. उंच, सावळी, आणि हाताला विलक्षण गुण. तिच्या गावात लग्न ठरलेली मुलगी रुखवतात मांडायला म्हणून मोठ्या हौसेने काहीतरी भरायला घ्यायची; टेबलावरचे आच्छादन, उशांचे अभ्रे, खुर्च्यांच्या पाठी. मग हौस आटायची, मुहूर्त तोंडावर यायचा, आणि अर्धे काम पदराखाली घेऊन मुलीची आई प्रमिलेचे दार ठोठावायची.

प्रमिला ते पुरे करून द्यायची. आपल्या हाताने नव्हे, त्या मुलीच्या हाताने! सैल ओढणारीचे सैल, घट्ट ओढणारीचे घट्ट. जिची एक पाकळी वाकडी तिची पुढची पाकळीही वाकडी. वरपक्षाच्या बायका डोळे फाडफाडून बघायच्या, पण जोड सापडायचा नाही. "ओळख बघू, तू कुठं सोडलं होतंस?" असे प्रमिला हसत हसत विचारायची, आणि त्या मुलीला स्वतःचाच टाका ओळखता यायचा नाही. या खेळाचा तिला फार अभिमान होता. अभिमान वाटावा असे तिच्याजवळ दुसरे होते तरी काय?

दुसऱ्यांची रुखवते सजवता सजवता तिचे स्वतःचे मांडायचे राहून गेले. वडिलांचे आजारपण, भावांची शिक्षणे, मग वाढलेले वय. रडगाणे ऐकलेलेच आहे. तिशी उलटल्यावर विश्वंभरांचे स्थळ आले. बिजवराच्या लग्नात कसले आले आहे रुखवत! चार माणसांत अक्षता पडल्या. मंगळसूत्राबरोबर अंबूच्या नावाचा टाकही गळ्यात आला, कारण दुसरीने पहिलीला गळ्यात वागवायचे असते. प्रमिलेने त्याचा कधी राग केला नाही. अंघोळ करताना तो टाक ती मुठीत धरायची, त्यावरच्या अंबूच्या डोळ्यांत साबण जायला नको म्हणून.

तिला हवे होते ते एकच. नलू.

नलू उद्धट नव्हती, आणि पंचाईत तीच होती. उद्धट पोरीशी भांडता येते, भांडून जवळ घेता येते. ही वाढलेले जेवायची, सांगितलेले करायची, 'काकू' म्हणायची आणि डोळे खाली घालायची. सुगरणीसारखी प्रमिला घरात माया रांधत होती, आणि खाणारीला भूक नव्हती.

या श्रावणात मात्र काहीतरी हलले. नागपंचमीला प्रमिलेने तिच्या हातावर मेंदी काढली. मेंदी वाळेपर्यंत कुठे हात लावता येईना, म्हणून नलू तिच्या मांडीवर डोके टेकून पडून राहिली, आणि पडल्या पडल्या झोपली. प्रमिला पाय आखडले तरी हलली नाही. खिडकीबाहेर पाऊस होता, मांडीवर ओझे होते, आणि डोळ्यांत पाणी होते.

चतुर्थीला अंबूची बहीण सिंधू नलूला गडहिंग्लजला न्यायला आली. "गौरी झाल्या की आणून सोडतो हिला," असे म्हणून तिने पोरीला गाडीत चढवले. गाडी हलता हलता नलूने खिडकीतून तोंड बाहेर काढले.

"काकू, मी आलो की आपण रेडिओला नवा झगा करूया?"

आपण! त्या एका शब्दावर प्रमिला दिवसभर तरंगत होती. भाजी करपली, तिला वास आला नाही.

गौरी झाल्या, पण नलू आली नाही. तिला कांजिण्या आल्याचा निरोप आला. आता ती यायची ती थेट वद्य नवमीला. ती अविधवा नवमी. नवऱ्याआधी, कपाळावरच्या कुंकवासकट गेलेल्या बाईची तिथी. त्या दिवशी तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचे आणि तिची ओटी भरायची. यंदा सवाष्ण म्हणून सिंधूच यायची होती, नलूला घेऊन.

रिकाम्या घरात प्रमिला विचार करत बसली. नुसत्या खिरीने कुणी तृप्त होते का? उठून गेली तेव्हा अंबूच्या मनात काय होते? ते घर होते. ते दार होते. अपुरी इच्छा मागे राहिली की जीव घुटमळतो, असे तिने लहानपणापासून ऐकलेले. आणि समोर ते कापड, वर पांढरे, खाली हिरवे, मध्ये तुटलेली वाट. अपुरे काम बघितले की तिच्या बोटांना मुंग्या यायच्या, ते निराळेच.

तिला वाटले, हे पुरे केले तर अंबू सुटेल. विश्वंभर पुन्हा आपल्या खुर्चीत बसतील. आणि नलू आईचे काम पुरे झालेले बघेल आणि आपल्याकडे वळेल. किती सरळ, किती निर्मळ मन! याहून वाईट मनाने ती काही करायला निघाली असती तर इतके नुकसान झाले नसते.

आजऱ्याच्या दमट हवेत सुई गंजली होती, आणि तिच्याभोवती कापडावर तांबूस डाग धरला होता. प्रमिलेने सुई राखेने घासून लख्ख केली. डागावर लिंबू पिळले, मीठ चोळले, कापड उन्हात धरले. डाग गेला. सुईच्या नेढ्यात अंबूने ओवलेला पिवळा धागा होता, वीतभर. तो टाकून द्यायला तिचा हात धजला नाही. तोच तिने पुढे चालवला. त्यामुळे तिथे गाठ पडली नाही, जोड आला नाही. ट्रंकेत लडी होत्या, त्याच वेळच्या, त्याच रंगाच्या. सगळे कसे जुळून आले.

पहिल्या दोन फुल्या तिने घातल्या आणि तिला लगेच दिसले. तिच्या फुल्या उजवीकडे झुकत होत्या. अंबूच्या फुल्यांवर ऊन एका बाजूने पडत होते, तिच्या फुल्यांवर दुसऱ्या. त्या दोन फुल्या तशाच राहू दिल्या असत्या तर! पण तसले काम प्रमिलेच्या हातून कधी गेलेले नव्हते. तिने त्या उसवल्या, आणि सुई डाव्या हातात घेतली.

डावा हात अडखळला, हट्टाला पेटला, शिकला. दुपारमागून दुपार ती उन्हाच्या त्याच चौकोनात बसली. वाट वळणावरून पुढे निघाली, पायरीला भिडली, भिंत उभी राहिली, छपरावर लाल आले, धुराड्यावर धूर आला. सर्वांत शेवटी तिने दार भरले. नमुन्यात होते तसे, तपकिरी, भक्कम, बंद. आणि मुठीच्या जागी काळ्या लोकरीची एकच फुली. काम करताना ती गुणगुणत होती. लग्न होऊन आल्यापासून ती या घरात पहिल्यांदाच गुणगुणत होती.

एका दुपारी विश्वंभर जेवायला लवकर आले. सोप्यात एक बाई पाठमोरी बसलेली, डाव्या हातातली सुई उन्हात चमकून वर आलेली. मग बाईने मान वळवली, आणि ती प्रमिला होती. त्यांची नजर कापडावर गेली. सुई वळणाच्या पुष्कळ पुढे आली होती. त्यांना नलूचे बोट आठवले, आणि ओठांवर शब्द आले.

"नलूला सांगू नका हं," प्रमिला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असे हसू त्यांनी कधी पाहिले नव्हते. "नवमीला दाखवायचंय मला."

"बरं," विश्वंभर म्हणाले. त्या हसण्यावर पाणी ओतायची त्यांची छाती झाली नाही. त्या एका 'बरं'चा त्यांना पुढे जन्मभर पश्चात्ताप होत राहिला.

नवमी उजाडली, सोनसळी, स्वच्छ. स्वयंपाकघरात भरड्याचे वडे फुगले, घनसाळ तांदळाची खीर दाटली, आमसुलाची चटणी वाटली गेली. दहाच्या गाडीने सिंधू आली. "आलो बाई एकदाचं!" म्हणत तिने पिशवी टेकवली. तिच्यामागून नलू आत आली. थोडी वाळलेली, गालांवर कांजिण्यांचे फिकट ठिपके, आणि चेहरा हसरा. प्रमिलेने तिच्या गालांवरून हात फिरवला आणि नलूने तो फिरवू दिला.

जेवणे झाली. सिंधूची ओटी भरली. हळदकुंकू, नारळ, हिरवा खण. मग प्रमिलेने तिचा हात धरून तिला पुढच्या सोप्यात नेले. खुर्चीवर चादर झाकलेली होती.

"आज इथं बसायचं, ताई," असे म्हणून तिने चादर ओढली.

लाल छप्पर झळकले. पिवळी वाट झळकली. सिंधूने तोंडावर हात घेतला.

"अगं बाई! अंबूनंच भरलंय की गं हे सगळं! तिचाच हात, तिचाच टाका..." आणि ती पदराने डोळे पुसू लागली. सख्ख्या बहिणीला ओळखता आले नाही. प्रमिलेच्या विद्येला याहून मोठी पावती मिळणार नव्हती. तिने नलूकडे पाहिले.

नलू पुढे आली होती. तिने गुडघे टेकले. कुंपणापाशी बोट ठेवले आणि वर नेले. बोट वळणाशी आले, आणि थांबले नाही. थांबायला तिथे काही नव्हते. ते घसरत पुढे गेले, पायरीपर्यंत, दारापर्यंत. नलूने ते परत खाली आणले आणि पुन्हा वर नेले. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू.

"सुई कुठाय?"

"काढली. काम पुरं झालं ना आता," प्रमिला म्हणाली.

"आई कुठं थांबली होती?"

काही वाक्ये जिभेवर सवयीने बसलेली असतात. ती वेळ बघत नाहीत, तोंड बघत नाहीत.

"ओळख बघू!" प्रमिला हसून म्हणाली.

नलूला क्षणभर वाटले, हा खेळ आहे आणि या खेळाला उत्तर आहे. ती नाक टेकवून बघू लागली. "इथं?" प्रमिला खाली वाकली. "का इथं?" प्रमिलेने निरखून पाहिले. फुलीवर फुली, फुलीवर फुली. सगळ्या डावीकडे झुकलेल्या, सगळ्यांवर ऊन सारखे. तिच्या ओठांवरचे हसू तसेच होते, पण डोळ्यांतले गेले. तिला ती जागा सापडत नव्हती.

"सांग ना. तूच भरलंस ना? तुला तर माहीत असंल की."

"इथंच कुठंतरी असेल," प्रमिला म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला.

नलू मागे सरली. तिने दाराकडे पाहिले, त्या काळ्या मुठीकडे पाहिले. ती रडली नाही. बाहेरून आलेले माणूस घरात बातमी सांगते, तसे तिने सांगितले:

"आई आत गेली. दार लागलं."

सिंधूला काही कळले नाही. प्रमिलेला अर्धे कळले. चौकटीला टेकून उभे असलेले विश्वंभर जमिनीकडे बघत बोलले. "ती रोज तिथं बोट ठेवायची. शाळेतनं आली की. सुईपाशी." मग ते म्हणाले, "मला ठाऊक होतं."

प्रमिला खालीच बसली. लिंबू आठवले, मीठ आठवले, राख आठवली. त्या दोन उजव्या फुल्या आठवल्या, ज्या तिने स्वतःच्या हाताने उसवल्या होत्या. एखादी खूण राहिली असती. नुसता एक गंजाचा डाग राहिला असता तरी पुरला असता. तिने सगळे निगुतीने केले होते, आणि त्या निगुतीने एका लेकराची आई पुसून टाकली होती. आपल्याइतके अभागी गुणी माणूस कुठे नसेल, असे तिला वाटले.

मग ती उठली आणि कात्री घेऊन आली.

"अगं, आज नको," सिंधू म्हणाली. "तिथीच्या दिवशी काय उसवू नये."

"आजच, ताई," प्रमिला म्हणाली, आणि खुर्चीपुढे बसली.

आधी मूठ गेली. मग दार. तपकिरी लोकर सुटत गेली, तिच्या मांडीवर पडत गेली, टाक्यांच्या आकड्यांसकट वळवळती. नलू शेजारी येऊन बसली. दाराच्या जागी पांढरे कापड उघडे पडले. आता वाट. दारापासून खाली, पायरीवरून खाली. इथे प्रमिलेचे हात भराभर चालले. हे टाके तिचे होते, यातली दुपार न् दुपार ती ओळखत होती. या टाक्यांच्या वेळी सर आली होती, या टाक्यांच्या वेळी दारात बोहारीण आली होती.

वळण जवळ आले तसे हात मंदावले. तिने कापड उलटे करून पाहिले. अंबू धाग्याची टोके टाक्यांखाली दडवायची. प्रमिलेनेही तशीच दडवली होती. मागची बाजूही पुढच्यासारखीच अबोल होती. ती एक टाका काढायची आणि थांबायची. हा माझा. हाही माझाच असेल. हा? कात्रीचे टोक टाक्याखाली जायचे आणि पुन्हा बाहेर यायचे. फार वर जागा सोडली तर ती खोटी, आणि फार खाली गेले तर अंबूचा हात उसवायचा; या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ते खरे वळण होते, आणि जगात ते दाखवणारे कुणी उरले नव्हते. एक टाका निघाला. आणखी एक निघाला. आणखी एक.

"बास!"

नलूने तिच्या हातावर हात दाबून धरला होता. इतक्या जोराने की कात्री खाली पडली.

"आणखी खाली नको. आईचं निघंल."

"बरं," प्रमिला म्हणाली. "बरं, बाळा."

वाट तिथे थांबली. ती अंबूची थांबण्याची जागा होती की नव्हती, हे दोघींनाही कळले नाही. भीतीने जिथे हात धरला तिथे ती थांबली, एवढेच खरे. सिंधू मुकाट रडत होती. विश्वंभर अंगणात निघून गेले होते.

नलू प्रमिलेच्या मांडीवरच्या लोकरीकडे बघत होती. तपकिरी, पिवळी, कुरळलेली, एकमेकींत गुंतलेली लोकर. तिने दोन बोटांनी एक पिवळा तुकडा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

"यात आईचं किती हाय?"

खोटे सांगता आले असते. 'काहीच नाही गं' म्हणता आले असते, आणि पोरीला तेवढाच दिलासा मिळाला असता. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या हातासारखा हात चालवलेल्या त्या बाईला त्या घटकेला दुसऱ्या कुणासारखे बोलता आले नाही.

"मला नाही कळत गं," ती म्हणाली. "असेल थोडं. नसेलही. मला खरंच नाही कळत."

नलूने मान हलवली. तिने फ्रॉकचा घेर धरून ओटी केली आणि मांडीवरची लोकर मुठीमुठीने त्यात भरली. पिवळी भरली आणि तपकिरीही भरली. मग ती जमिनीवर वाकली. फरशीच्या भेगांतले तुकडे, खुर्चीच्या पायाशी चिकटलेले तुकडे, केसाएवढे बारीक तंतू ती नखाने टिपू लागली. प्रमिलाही गुडघ्यांवर आली आणि वेचू लागली. दारातून वाऱ्याची झुळूक आली, एक पिवळा धागा उचलला गेला, उंबऱ्याकडे गडगडत निघाला. आणि नलू एका हाताने ओटी पोटाशी घट्ट धरून, कुणाचा आहे हे न बघता, त्याच्यामागे धावली.